संगोपनातील मुले आणि बाल न्यायव्यवस्था : दोन दरवाजांमधील अंतर



चंदीगड हे स्वतंत्र भारताने आखून वसविलेले शहर. ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यानुसार त्याचे सेक्टर आखले गेले, प्रत्येक सेक्टरला क्रमांक मिळाला आणि प्रत्येक गरजेसाठी जागा नेमून देण्यात आली. १ नोव्हेंबर १९६६ रोजी ते केंद्रशासित प्रदेश झाले. अवघ्या ११४ चौरस किलोमीटरच्या या प्रदेशाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १०,५५,४५० होती. शहराच्या कडेला असलेल्या मलोया येथे प्रशासनाचे 'स्नेहालय' आहे. निराधार, हरवलेली किंवा पालकांनी सोडून दिलेली मुले बाल कल्याण समितीच्या आदेशाने अशा बालगृहात राहतात. तेथून काही किलोमीटरवर सेक्टर २५ मध्ये निरीक्षणगृह आहे. ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे अशी मुले बाल न्याय मंडळाच्या आदेशाने तेथे ठेवली जातात.

हे दोन दरवाजे एकाच कायद्याने उभारले आहेत. पहिल्या दरवाजातून संरक्षणासाठी आत आलेले मूल काही वर्षांनी दुसऱ्या दरवाजासमोर का उभे राहते, आणि ते तेथे पोहोचू नये म्हणून शासन व समाज यांना काय करता येईल, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. ज्या मुलाचे पालकत्व शासनाने स्वतःकडे घेतले आहे, ते मूल आरोपी म्हणून शासनासमोर आले, तर त्या पालकत्वाचा हिशेब मागणे क्रमप्राप्त ठरते.

कायद्याचा प्रवास

निराधार मूल आणि अपराधी मूल यांना एकाच मापाने मोजण्याची सवय जुनी आहे. १८५० च्या शिकाऊ उमेदवारांविषयीच्या कायद्यात अनाथ व गरीब मुले आणि किरकोळ गुन्ह्यात सापडलेली मुले यांना सारखेच एखाद्या धंद्यात उमेदवारीस लावण्याची तरतूद होती. १८७६ साली सुधारशाळांचा कायदा आला. त्यानंतर मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) आणि मुंबई (१९२४) या प्रांतांनी मुलांसाठी स्वतंत्र कायदे केले. केंद्रशासित प्रदेशांसाठी १९६० चा बालक अधिनियम करण्यात आला. उपेक्षित मुलांसाठी बाल कल्याण मंडळ आणि अपराधी मुलांसाठी बाल न्यायालय अशी विभागणी त्याने केली.

१९८६ च्या बाल न्याय अधिनियमाने जम्मू-काश्मीर वगळता सर्व राज्यांसाठी एकच चौकट आणली. तरीही चौकशी चालू असताना दोन्ही प्रकारच्या मुलांना एकाच निरीक्षणगृहात ठेवण्याची मुभा कायम राहिली. महाराष्ट्रात 'रिमांड होम' हा शब्द घराघरात पोहोचला होता. ऐकत नसलेल्या मुलाला 'रिमांड होममध्ये टाकीन' असा धाक घातला जाई. त्या भिंतींआड केवळ आईवडील नाहीत म्हणून आलेली मुलेही राहत होती. समाजाच्या बोलीने मात्र दोघांवर एकच शिक्का मारला होता.

भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला मान्यता दिली. त्यानंतर आलेल्या २००० च्या अधिनियमाने मुलगा व मुलगी दोघांसाठी वयाची मर्यादा १८ वर्षे केली आणि दोन्ही गटांच्या संस्था वेगळ्या केल्या. सध्या २०१५ चा बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम लागू असून तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली. या कायद्यात 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' बाल कल्याण समितीकडे, तर 'विधी संघर्षग्रस्त बालक' बाल न्याय मंडळाकडे जाते. कायद्याने रेषा स्पष्ट आखली. जीवन मात्र त्या रेषेवर थांबत नाही.

आकडे काय सांगतात

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने देशातील बाल संगोपन संस्थांची पाहणी करविली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात ९,५८९ संस्थांची नोंद आहे. त्यांत काळजी व संरक्षणाची गरज असलेली सुमारे ३ लाख ७० हजार मुले होती, तर विधी संघर्षग्रस्त मुले साडेसात हजारांच्या आत होती. संस्थांमधील सर्व मुले अनाथ नव्हती. त्यांतील मोठा गट एकच पालक हयात असलेल्या मुलांचा होता. म्हणजे अनेक मुले कुटुंब नाही म्हणून संस्थेत आली नव्हती. कुटुंबाला पोसणे जमेना म्हणून आली होती.

दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे आहेत. देशात मुलांविरुद्ध २०२१ साली ३१,१७०, तर २०२२ साली ३०,५५५ प्रकरणे नोंदविली गेली. ताब्यात घेतलेल्या मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश १६ ते १८ या वयोगटातील असतात. हा विभाग मुलांची कौटुंबिक पार्श्वभूमीही नोंदवितो. आईवडिलांसोबत राहणारी, अन्य पालकासोबत राहणारी आणि बेघर अशा तीन रकान्यांत ती विभागली जाते. बहुसंख्य मुले पहिल्या रकान्यात येतात.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबले पाहिजे. या तीन रकान्यांत बालगृहासाठी रकाना नाही. चार वर्षे संस्थेत काढून आलेले मूल यांतील कोणत्या रकान्यात बसवायचे, हे नोंद करणाऱ्याच्या समजुतीवर राहते. पहिल्या दरवाजाची नोंदवही आणि दुसऱ्या दरवाजाची नोंदवही एकमेकींशी बोलत नाहीत. ज्या प्रश्नाचे मोजमाप होत नाही, त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही होत नाही.

जगाचा अनुभव

इंग्लंडमध्ये हे मोजमाप झाले आहे. लॉर्ड लेमिंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१६ साली दाखवून दिले की, तेथील एक टक्क्याहूनही कमी मुले शासकीय संगोपनात असतात. मात्र कोठडीत असलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्या मुलांनी कधी ना कधी संगोपनाचा अनुभव घेतलेला असतो. या निष्कर्षानंतर २०१८ साली तेथील शिक्षण, गृह आणि न्याय विभागांनी मिळून एक राष्ट्रीय कार्यपद्धती जाहीर केली. संगोपनातील मुलांना अनावश्यकपणे गुन्हेगार ठरविले जाऊ नये, हे तिचे उद्दिष्ट होते.

मात्र केवळ प्रमाण पाहून कारण ठरविता येत नाही. संगोपनात येणारी मुले मुळातच हिंसा, उपेक्षा आणि दारिद्र्य सोसून आलेली असतात. पुढे त्यांच्या हातून गुन्हा घडला, तर तो आधीच्या जखमांमुळे की संगोपनव्यवस्थेमुळे, हे वेगळे कसे करणार? अमेरिकेतील अर्थतज्ज्ञ जोसेफ डॉईल यांनी इलिनॉय राज्यातील नोंदींतून त्यावर वाट काढली. तेथे तक्रारींची प्रकरणे तपास अधिकाऱ्यांकडे पाळीपाळीने जात. काही अधिकारी मुलाला घरातून चटकन हलवीत, काही घरीच ठेवीत. त्यामुळे सारख्याच परिस्थितीतील मुलांची तुलना शक्य झाली. २००७ आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांनुसार, निर्णय कोणत्याही बाजूला झुकू शकेल अशा सीमारेषेवरील मुलांच्या बाबतीत घरातून हलविलेल्या मुलांचे परिणाम अधिक वाईट होते. प्रौढपणी अटक होण्याचे त्यांचे प्रमाणही कितीतरी जास्त होते.

याच पद्धतीने मिशिगन राज्यात जेसन बॅरन आणि मॅक्स ग्रॉस यांनी अलीकडे केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष उलट निघाला. तेथे प्रतिपालक कुटुंबात ठेवल्यामुळे मुलांचे पुढील आयुष्यातील गुन्ह्यांचे प्रमाण घटले. त्या राज्यातील बहुतेक मुले थोड्या काळाने आपल्या घरी परतत होती आणि दरम्यान पालकांनाही सुधारण्याचा अवसर मिळत होता. लॉस एंजेलिस परगण्यातील २००८ च्या एका अभ्यासात, समूहगृहात ठेवलेल्या मुलांचा अपराधाकडे वळण्याचा धोका कुटुंबात ठेवलेल्या मुलांच्या सुमारे अडीचपट आढळला होता.

हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटले, तरी एकत्र वाचले असता त्यांतून एक सूत्र हाती लागते. मूल घराबाहेर काढले एवढ्यावरून त्याचे भवितव्य ठरत नाही. त्याला कोठे ठेवले, किती वेळा हलविले, कोणाशी त्याचे नाते टिकले आणि मूळ कुटुंबाला उभे राहण्यास मदत मिळाली का, यांवर ते ठरते.

वाट कोठे वळते

संस्थेतून न्यायमंडळाकडे जाणारी वाट सहसा एखाद्या मोठ्या गुन्ह्यापासून सुरू होत नाही. घरातल्या चौदा वर्षांच्या मुलाने रागाच्या भरात खिडकीची काच फोडली, तर आई रागावते, वडील दोन दिवस बोलत नाहीत आणि प्रकरण मिटते. तीच काच संस्थेत फुटली, तर ती सरकारी मालमत्तेची हानी ठरते. दोन मुलांची मारामारी घरी भावंडांचे भांडण असते. संस्थेत तीच दुखापतीची तक्रार होऊ शकते. वर्तन एकच, परंतु ज्याच्या पाठीशी कुटुंब नाही, त्याच्या वर्तनाची लेखी नोंद होते.

दुसरे वळण पळून जाण्याचे आहे. धाकट्या भावंडाला भेटण्यासाठी, गावी जाण्यासाठी किंवा छळाला कंटाळून मूल भिंत ओलांडते. रस्त्यावर त्याला अन्न व निवारा देणारे भेटतात आणि त्याची किंमतही वसूल करतात. चोरीचा माल पोहोचविणे, अमली पदार्थांच्या पुड्या नेणे अशा कामांसाठी लहान मुले हेरली जातात. चंदीगडसारख्या शहरात, जेथे पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश व बिहारमधून कामासाठी आलेली कुटुंबे पुनर्वसन वसाहतींत राहतात आणि दोन राज्यांच्या सीमा काही मिनिटांवर आहेत, तेथे हा धोका अधिक असतो.

तिसरे वळण वारंवार होणाऱ्या बदल्यांचे. प्रत्येक बदलीबरोबर शाळा सुटते, मित्र सुटतात आणि विश्वासाचा माणूस सुटतो. चौथे वळण जामिनाच्या वेळी येते. कायद्याच्या कलम १२ नुसार विधी संघर्षग्रस्त बालकाला जामिनावर सोडणे हा नियम आहे. आईवडील असलेले मूल त्यांच्यासोबत घरी जाते. ज्याला न्यायला कोणीच येत नाही, त्याच्या बाबतीत परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख किंवा योग्य व्यक्तीच्या स्वाधीन करणे हे पर्याय कायद्यात असले, तरी ते वापरले न गेल्यास ते मूल निरीक्षणगृहातच राहते. आरोप सारखा, वास्तव्य मात्र लांबलेले.

कायद्यातील साधने

ही वाट अडविण्याची साधने कायद्यात नाहीत असे नाही. परीक्षेच्या दृष्टीनेही ती नीट लक्षात ठेवण्याजोगी आहेत.

पहिले, संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, न्यायालयीन प्रक्रियेऐवजी अन्य मार्ग वापरावेत आणि मुलाला नव्याने सुरुवात करता यावी, ही तत्त्वे कलम ३ मध्येच नमूद आहेत.

दुसरे, २०१६ च्या आदर्श नियमांनुसार अपराध निर्घृण स्वरूपाचा असेल किंवा तो प्रौढांसमवेत केल्याचा आरोप असेल, तरच मुलाविरुद्ध एफआयआर नोंदवावयाचा असतो. अन्य प्रकरणांत बाल कल्याण पोलीस अधिकारी स्टेशन डायरीत नोंद करून मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल तयार करतो. म्हणजे फुटलेल्या काचेसाठी एफआयआर अपेक्षितच नाही.

तिसरे, कलम ८ मध्ये मंडळाच्या कार्यांत एक महत्त्वाची कबुली आहे. विधी संघर्षग्रस्त बालक हे त्याच वेळी काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालकही असू शकते, असे मानून त्याचे प्रकरण कोणत्याही टप्प्यावर समितीकडे पाठविण्याचा आणि दोन्ही यंत्रणांना त्यात सहभागी करण्याचा मार्ग तेथे खुला ठेवला आहे.

चौथे, विधी संघर्षग्रस्त बालक संस्थेतून पळाले, तरी त्या कारणावरून त्याच्याविरुद्ध वेगळी कार्यवाही सुरू करू नये, असे कलम २६ सांगते. पाचवे, मुलांचा बेकायदा कामांसाठी वापर करणाऱ्या प्रौढास कलम ८३ अन्वये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुडी नेणाऱ्या मुलावर खटला आणि पुडी देणारा मोकळा, हा न्याय कायद्याला अभिप्रेत नाही.

सर्वोच्च न्यायालयानेही यात लक्ष घातले आहे. तमिळनाडूतील अनाथालयांतील शोषणासंबंधीच्या प्रकरणात मे २०१७ मध्ये न्यायालयाने सर्व संस्थांची नोंदणी, प्रत्येक मुलाचा वैयक्तिक संगोपन आराखडा आणि संस्थांचे सामाजिक लेखापरीक्षण यांवर भर दिला. संपूर्णा बेहुरा प्रकरणाच्या फेब्रुवारी २०१८ मधील निकालात समित्या व मंडळांतील रिक्त पदे भरण्याचे निर्देश देण्यात आले. साधने आहेत, ती वापरणारी माणसे पुरेशी व प्रशिक्षित असली पाहिजेत.

कुटुंबाचा पर्याय

कायद्याच्या कलम ४४ मध्ये प्रतिपालन कुटुंबाची, तर कलम ४५ मध्ये प्रायोजकत्वाची तरतूद आहे. प्रतिपालनात मूल काही काळ अन्य कुटुंबात राहते. प्रायोजकत्वात त्याच्या स्वतःच्या कुटुंबाला आर्थिक साहाय्य मिळते, जेणेकरून त्याला संस्थेत पाठविण्याची वेळच येऊ नये. केंद्र पुरस्कृत 'मिशन वात्सल्य' योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत या दोन्हींसाठी प्रतिबालक दरमहा ४,००० रुपये निश्चित करण्यात आले. खर्चाचा वाटा सर्वसाधारण राज्यांत केंद्र ६० व राज्य ४० टक्के, तर चंदीगडसारख्या विधानसभा नसलेल्या केंद्रशासित प्रदेशात पूर्णपणे केंद्राचा आहे. २०२४ च्या आदर्श प्रतिपालन मार्गदर्शक सूचनांनी अविवाहित, विधवा, घटस्फोटित अशा एकट्या व्यक्तींनाही प्रतिपालक होण्याची वाट मोकळी केली.

महाराष्ट्रात बालसंगोपन योजना पूर्वीपासून राबविली जाते. २०२३ साली तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले आणि दरमहा अनुदान १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये करण्यात आले. आजी, मामा, काकू यांच्या आधाराने वाढणाऱ्या मुलांना तिचा लाभ होतो. भारतीय समाजात प्रतिपालन हा शब्द नवा असला, तरी मामाच्या घरी वाढलेले मूल ही गोष्ट नवी नाही. त्या जुन्या आधाराला वेळेवर पोहोचणाऱ्या पैशाची आणि नियमित गृहभेटींची जोड हवी. देखरेख नसेल, तर कुटुंबातही मुलाचा घरगडी होऊ शकतो, हे विसरता येणार नाही.

अठराव्या वाढदिवसानंतर

आपल्यापैकी अनेकजण आज वीस-बावीस वर्षांचे असतील. परीक्षेच्या तयारीसाठी दोन-तीन वर्षे देत असाल. खोलीचे भाडे, खानावळीचा डबा आणि पुस्तके यांचा भार बहुधा घरचे उचलत असतील. एखादा प्रयत्न फसला, तर परतण्यासाठी घर आहे. बालगृहातील मुलाचा अठरावा वाढदिवस मात्र त्या घराचा निरोप घेण्याचा दिवस असतो. दहावी-बारावीची गुणपत्रिका, कपड्यांची पिशवी आणि पत्ता म्हणून लिहिण्यास काहीही नाही, अशा अवस्थेत ते बाहेर पडते. त्यानंतर काही चुकले, तर त्याच्यासाठी बाल न्याय मंडळाचा दरवाजाही बंद असतो. तो थेट प्रौढांच्या तुरुंगाचा असतो.

यासाठी कलम ४६ मध्ये अनुरक्षणाची तरतूद आहे. १८ ते २१ या वयात, आणि अपवादात्मक परिस्थितीत २३ व्या वर्षापर्यंत, निवास, शिक्षण, कौशल्य व आर्थिक साहाय्य देता येते. मिशन वात्सल्यमध्ये त्यासाठी दरमहा ४,००० रुपये आहेत. तीन वर्षांचा हिशेब १ लाख ४४ हजार रुपये होतो. एका तरुणाचे हातून निसटणारे आयुष्य सावरण्यासाठी ही गुंतवणूक मोठी म्हणता येणार नाही.

करोना महासाथीत आईवडील गमावलेल्या मुलांसाठी २०२१ साली जाहीर झालेल्या 'पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन' योजनेत १८ व्या वर्षापासून पाच वर्षे मासिक विद्यावेतन आणि २३ व्या वर्षी दहा लाख रुपये अशी रचना करण्यात आली. मूल अठराव्या वर्षी स्वावलंबी होत नाही, हे शासनाने त्या वेळी मान्य केले. हेच तत्त्व संगोपनातील इतर सर्व मुलांना का लागू होऊ नये? महाराष्ट्राने २०१८ साली अनाथांसाठी शिक्षण व नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण ठेवले. परंतु त्या संधीपर्यंत पोहोचण्यासाठी मधली चार-पाच वर्षे कोठे तरी राहावे लागते.

पुढील दिशा

या विवेचनातून काही कामे स्पष्ट होतात. गुन्हेविषयक नोंदीत मुलाच्या पूर्वीच्या संगोपनाचा रकाना असावा. अर्थात मुलाची ओळख उघड न करण्याचे कलम ७४ चे बंधन पाळूनच. प्रत्येक संस्थेने पोलिसांना केव्हा बोलवावे आणि केव्हा बोलवू नये याची लेखी कार्यपद्धती विशेष बाल पोलीस पथकाशी ठरवून घ्यावी. संस्थेतील मूल न्याय मंडळासमोर आले, तर समितीला त्याच दिवशी कळविले जावे आणि पालक म्हणून कोणी तरी त्याच्या शेजारी उभे राहावे. प्रायोजकत्वाची रक्कम मूल संस्थेत येण्याआधी कुटुंबापर्यंत पोहोचावी. अनुरक्षणाचा आराखडा अठराव्या वाढदिवसाला न करता सोळाव्या वर्षीच सुरू व्हावा.

चंदीगडसारख्या लहान, एकाच प्रशासनाखालील आणि पूर्ण केंद्रीय साहाय्य असलेल्या प्रदेशात ही पद्धत प्रथम बसविता येईल. येथे समिती, मंडळ, पोलीस आणि संस्था एकमेकींपासून काही किलोमीटरवर आहेत.

आपल्यापैकी काहीजण उद्या जिल्हाधिकारी, पोलीस अधिकारी, परिवीक्षा अधिकारी किंवा न्यायाधीश होतील. २०२१ च्या दुरुस्तीनंतर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची या क्षेत्रातील जबाबदारी वाढलेली आहे. एखाद्या सकाळी टेबलावर एक फाईल येईल : वय सोळा, पत्ता बालगृह, आरोप किरकोळ. त्या फाईलवर स्वाक्षरी करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा. हे मूल आपल्या घरचे असते, तर आपण काय केले असते? कायद्याने शासनाला त्या मुलाचे पालक केले आहे, आणि त्या क्षणी शासन म्हणजे तो अधिकारीच असेल.